सुखी माणसाची वही

मागच्या महिन्यात रात्री साडेअकरा वाजता कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. ‘दादा, जागा आहेस का? एक विचारायचं होतं.’ हा मुलगा गझल लिहितो. चांगली लिहितो. त्याच्या वयाचा असताना मी जे लिहायचो, त्यापेक्षा नक्कीच चांगली. गेले सात-आठ महिने त्याला धड झोप नाही, जेवणावर वासना नाही, नोकरी कशीबशी चालली आहे. रूममेटने मागे लागून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी पाकिटात घालून हा दहा दिवस फिरत होता. विचारायचं होतं ते एवढंच : ‘गोळ्या घेऊन बरा झालो, तर शेर सुचायचे बंद होतील का?’

मी लगेच लिहिलं, ‘आधी गोळ्या सुरू कर, बाकीचं नंतर बोलू.’ सल्ला बरोबर होता, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. मला ते कळत होतं, कारण पाच वर्षांपूर्वी मीही अशीच एक चिठ्ठी तीन आठवडे कपाटात ठेवली होती. पुण्यात पहिली नोकरी होती. ऑन-कॉलची ड्युटी, रात्री दोनला वाजणारा फोन, त्यानंतर न येणारी झोप आणि त्या जाग्या रात्रींत लिहिलेल्या चाळीसेक कविता. बरं वाटत नव्हतं, पण लिहून होत होतं. मला वाटायचं हा सौदा आहे, एक हवं असेल तर दुसरं सोसायला हवं. हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. तरी ते मला पक्कं ठाऊक होतं.

निर्मितीला असमाधान लागतं का, हा प्रश्न चहाच्या टपरीवर चघळायला छान आहे. पण त्याच्या उत्तरावर कुणी गोळी घ्यायची की नाही हे ठरवत असेल, तर तो जरा काटेकोरपणे तपासायला हवा. म्हणून हा लेख.

*

हे आपल्याला ठाऊक होतं तरी कुठून? सगळीकडून थोडं थोडं. लहानपणी सुखी माणसाच्या सदऱ्याची गोष्ट ऐकलेली असते. राजाला बरं वाटावं म्हणून सुखी माणसाचा सदरा शोधत शिपाई गावोगाव फिरतात, शेवटी सुखी माणूस सापडतो, तर त्याच्या अंगात सदराच नसतो. मोठे झाल्यावर आपण तीच गोष्ट लेखकांना लावतो. सुखी माणूस सापडला, तर त्याच्याकडे वहीच नसणार. मित्र लग्न करतो, फ्लॅट घेतो, आणि लोक हसत हसत म्हणतात, ‘आता संपला हा, आता काय लिहिणार!’ इन्स्टावर पावसाच्या फोटोखाली वेदनेची महती सांगणारी पोस्ट येते आणि आपण अंगठा न थांबवता हृदय देऊन पुढे सरकतो.

शिवाय या समजुतीच्या पाठीशी फार जुनी साक्ष उभी असते. वाल्मीकींची. तमसा नदीकाठी व्याध क्रौंच पक्ष्याच्या जोडीतल्या नराला मारतो, मादी आक्रोश करते, ऋषींच्या तोंडून शाप बाहेर पडतो आणि शोकाचा श्लोक होतो. कवितेचा जन्मच दुःखातून झाला, मग आणखी पुरावा कशाला हवा?

पण बालकांडातला तो प्रसंग सावकाश वाचला, तर दोन गोष्टी दिसतात. एक, ते दुःख वाल्मीकींचं स्वतःचं नाही, दुसऱ्याचं आहे. ते त्यांनी पाहिलं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शाप देऊन झाल्यावर ऋषी चकित होतात ते आपण काय बोललो याने, आपल्याला किती दुःख झालं याने नव्हे. ते शिष्याला सांगतात की हे जे बोललं गेलं ते पादांत बांधलेलं आहे, त्याची अक्षरं सारखी आहेत, ते वीणेवर म्हणता येण्याजोगं आहे. आश्रमात परतल्यावरही मनात तेच घोळत असतं. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या कवीच्या गोष्टीतही शोक क्षणभराचा आहे, आणि त्यानंतर लगेच सुरू होतं ते कारागिराचं कुतूहल. हे असं कसं झालं? हे पुन्हा करता येईल का? रामायण या दुसऱ्या प्रश्नातून आलं. नुसता शोक करून वाल्मीकी थांबले असते, तर आपल्याकडे एक शाप उरला असता, महाकाव्य नाही.

*

मराठीत या समजुतीचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून तुकोबांचं नाव घेतलं जातं. १६३०च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, दुकानाचं दिवाळं, पहिल्या बायकोचा अन्नावाचून मृत्यू, आणि मग कविता. आठवीच्या वर्गात मी हे असंच शिकलो. अलीकडची घटना, पलीकडचा अभंग, मध्ये बाण.

इंजिनिअरिंगने मला फार काही शिकवलं नाही, पण असा बाण दिसला की त्याच्या खाली काय दडलंय ते बघायची सवय लावली. म्हणून कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर, मी गाथा वाचायला घेतली. शोधत होतो तो अभंग, ज्यात तुकोबा स्वतःची हकिकत सांगतात. संतमंडळींनी विचारलं म्हणून संकोचत सांगितलेली ती हकिकत आहे. त्यात दुष्काळ आहे, गेलेली अब्रू आहे, अन्न मागत मेलेली बायको आहे, धंदा बुडाल्याची लाज आहे. हे सगळं आपल्याला माहीत असतं.

माहीत नसतं ते पुढचं. तुकोबा सांगतात की देवाचं एक पडकं देऊळ होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, पण सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हतं. मग संतांची काही वचनं पाठ केली, विश्वासाने आणि आदराने. मग पुढे जे गायचे, त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. कवित्वाची स्फूर्ती येते ती याच्यानंतर, बऱ्याच नंतर.

बाणाच्या खाली दडलेलं होतं ते हे. पडझड झालेलं देऊळ, न लागणारं लक्ष, पाठांतर, आणि मागच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या ओळीला दिलेली साथ. स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना तुकोबांनी दुःखाचा उल्लेख टाळलेला नाही, पण दुःखावरून थेट कवितेवर उडीही मारलेली नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या त्यांनी क्रमाने सांगितल्या आहेत. आम्हालाच त्या शाळेत कुणी मोजायला सांगितल्या नाहीत.

दुष्काळ काही एकट्या देहूवर पडला नव्हता. दख्खन आणि गुजरातमधली लाखो माणसं त्यात मेली. उपासमार, अपमान, मृत्यू हे सगळं अनेकांच्या वाट्याला सारखंच आलं. दुःख हेच इंधन असतं तर त्या दशकात घरोघरी गाथा तयार झाल्या असत्या. झालं उलटंच. बहुतेकांचं दुःख त्यांच्याबरोबर मातीत गेलं. आपल्यापर्यंत ज्याचं दुःख पोचलं, त्याच्याकडे दुःखाखेरीज आणखी काहीतरी होतं. डेटा बघताना आम्ही ज्याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो, तो हाच. वाचलेल्यांकडे पाहून नियम करायचा आणि बुडालेल्यांना मोजायचंच नाही.

हीच गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आज त्या ‘पारी’च्या वेबसाइटवर फोनवर ऐकता येतात. जरूर ऐका. त्यांत सासुरवास आहे, दारिद्र्य आहे, मुलीच्या जन्माचं दुःख आहे. त्याबरोबर भाऊ आहे, पंढरी आहे, थट्टा आहे, पहिलटकरणीचं कौतुक आहे. या सगळ्यांत समान काय? दुःख नाही. समान आहे जातं. दगडाच्या फिरण्याची लय, समोर बसलेली दुसरी बाई आणि आई-आजीकडून कानावर पडलेली चाल. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन तिशीत वैधव्य आलं होतं. ‘सोसलं म्हणून सुचलं’ असं म्हणायला हे उदाहरण फार सोयीचं. पण त्यांची गाणी वाचताना नजर सारखी जाते ती शेताकडे, मोटेकडे, जात्याकडे, सुगरणीच्या खोप्याकडे. वस्तू कशी चालते, पाखरू घर कसं विणतं, याच्याकडे टक लावून पाहणारी ही बाई आहे. तिच्याकडे वही नव्हती, काम होतं, आणि त्या कामाला लय होती.

*

इथपर्यंत आल्यावर मला असं म्हणता आलं असतं, की निर्मितीचा असमाधानाशी संबंधच नाही. पण तेही खोटं ठरेल. लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, काहीतरी टोचत असल्याशिवाय माणूस दुसऱ्यांदा खोडत नाही. मग टोचतं ते काय?

मराठीत ‘समाधान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि आपण ते रोज वापरतो. पंगतीत पोटभर जेवल्यावर पाहुणा म्हणतो, ‘समाधान झालं.’ आणि वर्गात शंका विचारलेली मुलगी घरी येऊन म्हणते, ‘सरांनी उत्तर दिलं, पण माझं काही समाधान झालं नाही.’ पहिलं मनाचं किंवा पोटाचं समाधान, दुसरं शंकेचं. दुसऱ्या प्रकारचं असमाधान घेऊन फिरणारी मुलगी दुःखी असेलच असं नाही. उलट तिचे डोळे जरा जास्तच चमकत असतात. ती जेवते, झोपते, मैत्रिणींशी हसते, आणि अंघोळ करताना अचानक थांबते, कारण ते गणित अजून सुटलेलं नाही.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका तिकिटावर लिहिलं होतं, ‘पेमेंटचं पेज नीट चालत नाही.’ आमच्या टीम लीडने मला बोलावून विचारलं, ‘कुठल्या ओळीत?’ मला सांगता येईना. ती म्हणाली, ‘मग ही तक्रार झाली. बग शोध.’ ती बाई तिच्या कामात अतिशय आनंदी होती, आणि सगळ्या टीममध्ये सगळ्यात असमाधानीही तीच होती. चालणाऱ्या कोडमध्येही तिला एखादं नाव खटकायचं, एखादं फंक्शन लांब वाटायचं. फरक एवढाच, की तिचं असमाधान कुठल्या ओळीत आहे हे तिला माहीत असायचं.

माझं म्हणणं थोडक्यात हे. निर्मितीला लागतं ते दुसऱ्या प्रकारचं असमाधान, शंकेचं, ज्याला ओळ दाखवता येते. पहिल्या प्रकारचं, म्हणजे सगळंच व्यर्थ आहे आणि मीही, हे वाटणं, कधीकधी त्याच्या शेजारी राहतं. शेजारी राहतं म्हणून आपण त्यालाच घरमालक समजतो.

मर्ढेकरांचं बघा. ‘शिशिरागम’ १९३९ सालचा, ‘काही कविता’ १९४७ सालचा. आठ वर्षांत एकाच माणसाची भाषा ओळखू येऊ नये इतकी बदलली. मधल्या काळात महायुद्ध झालं हे खरं, पण महायुद्ध तर सगळ्या मराठी कवींच्या काळात झालं. जुन्या हळव्या शब्दांत हे यंत्रयुग मावत नाही, ही शंका मात्र थोड्यांनाच पडली. आणि ती शंका मर्ढेकरांनी आधी स्वतःच्या कवितेवर चालवली.

*

आता सगळ्यात अवघड उदाहरण. मागे एका साहित्यिक कार्यक्रमाला गेलो होतो. चर्चेच्या शेवटी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘आता दलित समाजाची परिस्थिती सुधारली, मग साहित्यात ती पहिली धग राहिली नाही, असं नाही का वाटत?’ हे अगदी सभ्य आवाजात, काळजीच्या सुरात विचारलं गेलं. सभागृहात एक विचित्र शांतता पसरली. मला तेव्हा राग का आला ते नीट सांगता आलं नव्हतं. आता येईल.

निर्मितीला दुःख लागतं हा सिद्धांत स्वतःपुरता मानला, तर फार तर आपली झोप जाते. तो दुसऱ्याला लावला, तर त्या गृहस्थांचा प्रश्न तयार होतो. म्हणजे मला वाचायला धगधगीत कविता मिळावी म्हणून कुणीतरी उपाशी राहावं, कुणीतरी वस्तीबाहेर राहावं. कुणी हे इतक्या उघड शब्दांत बोलणार नाही. पण सिद्धांत तिकडेच नेतो.

शिवाय हे वाचन म्हणूनही चूक आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मराठीतला एवढा मोठा नाटककार त्यात आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीला विचारतो. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कामाठीपुऱ्यातलं ते जगणं हजारो माणसं जगत होती. ते कवितेत आलं नव्हतं, कारण कवितेच्या भाषेत त्या गल्ल्यांना, त्या वस्तूंना, त्या कामांना नावंच नव्हती. ढसाळांनी ती नावं आणली आणि प्रमाण मराठीच्या ताटात जशीच्या तशी वाढली. त्यांचा संताप समाजावर होता यात शंका नाही. पण कविता घडली, कारण तो संताप भाषेवरही चालून गेला. तुमच्या शब्दांनी माझं समाधान होत नाही, हे त्यांनी शब्दाशब्दाला दाखवून दिलं.

इथे माझी विभागणी थोडी डळमळते, हे मान्य करतो. ढसाळांचं असमाधान फक्त ओळीतलं नव्हतं, ते रस्त्यावरचंही होतं, आणि दोन्ही वेगळी काढायला गेलं तर दोन्ही मरतात. पण एक गोष्ट विसरू नये. ज्या वर्षी ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी ढसाळ दलित पँथरच्या संस्थापकांमध्ये होते. यातना हे आपलं भांडवल आहे असं मानणारा कवी ती यातना संपवण्यासाठी संघटना काढत नाही. कविता राहावी म्हणून अन्याय राहावा, असा विचार अन्याय सोसणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. तो पहिल्या रांगेतच सुचतो.

*

मग सुस्थितीत, स्थिर नोकरीत लिहिता येतं का? माझ्या पिढीतल्या, आयटीत काम करणाऱ्या आणि गुपचूप लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आहे. मला यावर अरुण कोलटकर आठवतात. जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेला हा माणूस जाहिरातक्षेत्रात आर्ट डायरेक्टर होता, आणि तिथेही नावाजलेला होता. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आला. त्यानंतर मराठीतला पुढचा संग्रह यायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. आणि मग २००३-०४च्या सुमारास, मृत्यू जवळ आलेला असताना, ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ अशी पुस्तकं एकामागोमाग आली.

बाहेरून पाहणाऱ्याला मधली वर्षं म्हणजे जाहिरातवाल्याच्या सुखात बुडालेला कवी वाटली असती. पण तेवढी पुस्तकं एका वर्षात लिहून होत नाहीत. ती लिहिली जात होती, पुन्हा लिहिली जात होती. घाई नव्हती, इतकंच. कविता त्यांचं पोट भरत नव्हती आणि पोट कवितेच्या आड येत नव्हतं. त्यामुळे ‘झालं’ म्हणायचा अधिकार फक्त कवितेकडे राहिला.

‘भिजकी वही’ हे नाव वाचलं की मराठी वाचकाला इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या आठवतात. कोलटकरांनी तुकोबांचे इंग्रजीत अनुवादही केले होते. पण या वहीत ज्यांचं रडणं आहे, त्या बायका दुसऱ्याच आहेत. ग्रीक कथांतली कसांड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, कवी नवऱ्याला छळछावणीत गमावलेली नादेझ्दा मांदेलश्ताम. काळाच्या, देशांच्या पलीकडच्या बायका. इतकं दुःख एका पुस्तकात आहे, आणि त्यात कवीचं स्वतःचं रडगाणं शोधून सापडत नाही. तमसेच्या काठचीच गोष्ट पुन्हा. दुसऱ्याचं पाहिलेलं दुःख, आणि ते कसं मांडायचं याचा न संपणारा विचार.

याचा अर्थ कोलटकर सुखी होते असा मी काढत नाही. माणसाच्या सुखाचा हिशेब त्याच्या पुस्तकांवरून लागत नाही. बालकवींचंच बघा. शाळेत आपण त्यांना आनंदाचे कवी म्हणून शिकतो. त्यांच्याच कवितांमध्ये काळीकुट्ट उदासी आहे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्रातून दोन्ही पक्षांना हवा तो पुरावा मिळतो, म्हणजेच कुणालाच मिळत नाही. एवढंच नक्की सांगता येतं की १९१८नंतरच्या बालकवींच्या कविता आपल्याकडे नाहीत. अकाली गेलेल्या कवीभोवती आपण जे तेजोवलय काढतो, त्यात ही न लिहिलेली पानं कुणी मोजत नाही.

*

आता माझ्या चाळीस कवितांबद्दल. तीन आठवड्यांनी मी गोळ्या सुरू केल्या. कवितेवर मात करून वगैरे नाही, आई पुण्याला आली आणि तिने कपाट आवरलं म्हणून. तिने चिठ्ठी वाचली, मला काही विचारलं नाही, खाली जाऊन गोळ्या घेऊन आली आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवल्या.

पुढचे चार महिने मी काहीही लिहिलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या चार महिन्यांत मला रोज वाटलं की सिद्धांत खरा होता आणि मी माझी कविता औषधाच्या दुकानात विकून आलो. झोप लागत होती, आणि झोपेचीच लाज वाटत होती.

मग एका रविवारी ती वही काढून वाचली. चाळीसपैकी तीस कविता एकच होत्या. तीच रात्र, तोच पंखा, तीच खिडकी, आणि प्रत्येक दुसऱ्या ओळीत ‘मी’. कुठे खोडलेलं नव्हतं. जे सुचलं ते तसंच ठेवलेलं, कारण दुःख खरं होतं म्हणजे ओळही खरीच असणार, असं मला वाटत होतं. मला जगाबद्दल, स्वतःबद्दल, नोकरीबद्दल प्रचंड असमाधान होतं. फक्त कवितेबद्दल नव्हतं. तिच्याबद्दल मी पूर्ण समाधानी होतो. तिथेच घोटाळा होता.

उरलेल्या दहांत पाच-सहा बऱ्या होत्या. त्या जाग्या रात्रींतल्याच होत्या, हेही सांगायला हवं. दुःखाने मला काहीच दिलं नाही असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. त्याने मला साहित्य दिलं, गवंड्याच्या अर्थाने. विटा, वाळू. पण विटांचा ढीग वाढत असला, म्हणजे घर बांधून होतंय असं नसतं. आणि बांधायला उभं राहायचं तर अंगात बळ लागतं, रात्री झोप लागते, दुसऱ्या दिवशी तीच ओळ थंडपणे वाचण्याइतकं मन थाऱ्यावर लागतं. बरा झाल्यावर मला मिळालं ते एवढंच. ते कवितेला पुरेल का, याची हमी कुठल्या गोळीवर लिहिलेली नसते. पण आजाराच्या पाकिटावरही ती नव्हती, मीच तशी समजूत करून घेतली होती.

*

ज्युनिअरला मी दुसऱ्या दिवशी सविस्तर लिहिलं. वाल्मीकी, गाथा, माझी वही, सगळं. इतका लांब मेसेज पाहून त्याने आधी हसण्याचा इमोजी पाठवला. मग विचारलं, ‘पण काही महिने खरंच काही सुचलं नाही तर?’

मी लिहिलं, ‘नाही सुचणार कदाचित. तोवर वाच. मागच्या रांगेत उभा राहा आणि दुसऱ्याचं ध्रुपद धर. आणि गोळ्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार.’

आठवड्याभराने त्याने सांगितलं की सुरू केल्या. नंतर बरेच दिवस काही नाही. मीही विचारलं नाही. गेल्या रविवारी दुपारी, रात्री साडेअकराला नव्हे, त्याचा मेसेज आला. नवीन काही नव्हतं. मागच्या वर्षी त्याने टाकलेल्या आणि दोनेकशे लोकांनी वाहवा केलेल्या एका गझलेतला शेर होता. खाली लिहिलं होतं : ‘दादा, यातला तिसरा शब्द भरीचा वाटतोय का रे?’

मी पुन्हा वाचला. खरंच भरीचा होता, आणि वर्षभर आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता.

‘हो,’ मी लिहिलं. ‘काढ तो.’